चौकटीबाहेर उभा राहिलेला कीमन

या प्रवासात मी चार दिवसांत दोनशे अठरा फोटो काढले. या लेखासोबत त्यांतला एकही दिलेला नाही. ज्या एका फोटोसाठी मी गेलो होतो तो माझ्याकडे नव्हता, आणि तो नाही हे निघण्याआधीच मला ठाऊक होतं.

थोडं मागचं सांगायला हवं. मी पुण्याजवळच्या एका कारखान्यात सुट्या भागांची तपासणी करतो. माप बसलं तर भाग ठेवायचा, नाही बसलं तर लाल पेटीत टाकायचा. गेली अकरा वर्षं रजा मिळाली की मी रेल्वेगाड्यांचे फोटो काढतो. हा छंद असलेले लोक देशभर आहेत आणि आमचे काही अलिखित नियम आहेत. इंजिनाचा नंबर वाचता यावा. इंजिनामागे निदान दहा डबे दिसावेत. विजेचा खांब इंजिनाच्या तोंडावर येऊ नये. आणि चौकटीत माणूस नसावा. रोज संध्याकाळी लॉजवर बसून मी दिवसभराचे फोटो तपासतो, नियमात बसतात ते ठेवतो आणि बाकीचे तिथल्या तिथे पुसून टाकतो.

गेल्या फेब्रुवारीत मी गोंदिया ते बल्लारशा या एकेरी मार्गावर गेलो होतो. नागभीड आणि चांदा फोर्ट यांच्यामध्ये, जंगलातल्या एका फाटकापाशी, सकाळी नऊ वाजून बारा मिनिटांनी कोळशाची गाडी आली. एकोणसाठ डबे. नोंदवहीत तसं लिहिलेलं आहे. त्या वेळी तिथला कीमन रुळांवरून चालत येत होता. कीमन म्हणजे खांद्यावर हातोडा आणि पाना घेऊन रोज आपल्या वाट्याचे काही किलोमीटर रूळ पायी तपासणारा माणूस. गाडी येते तेव्हा तो रुळांपासून दूर उभा राहतो, हिरवी झेंडी धरतो आणि शेवटचा डबा जाईपर्यंत चाकांवर नजर ठेवतो. हा माणूस नेमका माझ्या आणि इंजिनाच्या मध्ये उभा राहिला. मी हातानं खूण केली, बाजूला व्हा. तो झाला. गाडी गेल्यावर फोटो छान आला म्हणून मी अंगठा दाखवला. तो हसत जवळ आला, नाव सांगितलं, मनोहर, आणि माझा फोन नंबर मागून घेतला. "फोटो पाठवजा हं, भाऊ." मी हो म्हणालो.

आठ फोटो होते. पहिल्या पाचांत तो होता. सहाव्यात त्याचं कोपर होतं. सातवा आणि आठवा स्वच्छ. सातवा ठेवला. त्याचे दोन निरोप आले, मी दोन्ही वेळा 'पाठवतो' असं उत्तर दिलं आणि पाठवलं नाही. काय पाठवणार? आपला फोटो काढला गेला अशी त्याची समजूत झाली आहे, हे मला पहिल्या निरोपातच कळलं होतं.

नोव्हेंबरच्या शेवटी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"फोटोवाले भाऊ बोलून राह्यले का? मी मनोहरचा बाप. देवराम."

ऑगस्टमध्ये, धानाच्या रोवणीच्या दिवसांत, साप्ताहिक सुटीला मनोहर स्वतःच्या शेतात गेला होता. बांधीवर, म्हणजे धानाच्या खाचरात, वीज पडली. फोन खिशातच होता, तोही गेला आणि त्यातलं सगळं गेलं. माझा नंबर त्यानं घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवला होता, म्हणून सापडला.

"गाडीसंगं त्याचा फोटो काढला होता तुमी. घरी सांगे तो. सुनेले पाह्यजे होता जी."

मी म्हणालो, "मी येतो." 'घेऊन येतो' असं म्हणालो नाही. हा फरक मी मनात बरोबर सांभाळला, आणि पलीकडच्या माणसाला तो कळणार नाही हेही मला तेव्हाच माहीत होतं. बायको म्हणाली, "फोनवर सांगून मोकळे व्हा की." ते मला जमलं नाही. कॅमेऱ्याच्या कार्डावरचं पुसलेलं परत मिळवून देणाऱ्या एका दुकानदाराकडे गेलो. त्यानं तासभर प्रयत्न केला आणि सांगितलं की त्या जागेवर नंतर सहा वेळा लिहिलं गेलंय, काही उरलेलं नाही. शुक्रवारी येतो असं मी देवरामना कळवलं आणि आदल्या मंगळवारी सकाळी गोंदियात उतरलो. तीन दिवस आधी. गाड्यांचे फोटो काढायला, असं घरी सांगितलं होतं.

मंगळवार, गोंदिया ते वडसा

डिसेंबरचा पहिला आठवडा. धान कापून झालं होतं, बांध्यांमध्ये पुंजणे, म्हणजे धानाच्या पेंढ्यांचे ढीग, रचून ठेवलेले, आणि सकाळी साडेआठपर्यंत त्यांच्यावर धुकं बसून होतं. आमच्याकडे डोंगरांवरून दिशा कळते. इथे डोंगर दिसतच नाहीत. तलाव दिसतात, मग जंगल, मग पुन्हा तलाव. अर्जुनीपर्यंत मी चौदा तलाव मोजले आणि नंतर सोडून दिलं.

वडशाच्या अलीकडच्या एका स्टेशनावर आमची गाडी समोरून येणाऱ्या मालगाडीसाठी थांबली. मी दारात उभा राहून चार फोटो घेतले. दाराशीच शिंगाड्यांची टोपली घेऊन एक बाई बसल्या होत्या. त्या बराच वेळ माझ्याकडे बघत होत्या.

"काऊन जी, गाडीत बसून गाडीचेच फोटो काढून राह्यले?"

"ही नाही, ती समोरची."

"मंग आमची गाडी नाई येत त्याच्यात?"

"नाही."

"आमी बी नाई?"

"नाही."

"ते उतरून राह्यलेले मानसं?"

"ती उतरून गेली की मग काढतो."

"मंग हाये तरी का त्या फोटोत?" असं म्हणून त्या डब्यातल्या बाकीच्यांकडे बघून हसल्या. दोघंतिघं हसली. मीही हसलो. त्यांनी ओंजळभर उकडलेले शिंगाडे दिले आणि पैसे घेतले नाहीत. "ठेवा जी. लोखंड पाहून पोट नाई भरत."

वडसा हे गडचिरोली जिल्ह्यातलं मोठं स्टेशन. बाहेर पडल्याबरोबर भिंतींवर नाटकांचे रंगीत फलक. या भागात दिवाळीनंतर गावोगाव नाटकं होतात, मंडळ्यांची कार्यालयं वडशात ओळीनं आहेत. एका कार्यालयासमोर मालवाहू गाडीत पडदे आणि पेट्या भरणं चाललं होतं. नायकाचं काम करणारा माणूस स्वतःच तलवारींचा गठ्ठा उचलत होता.

खाणावळीत आधी भात आला. आमच्याकडे पोळी संपत आल्यावर भात विचारतात, इथे पोळी हवी का हे शेवटी विचारलं गेलं. वरण, वांग्याची भाजी, लाखोळीच्या डाळीचे वडे. वडे उत्तम होते. मी तीन खाल्ले.

बुधवार, वडसा ते चांदा फोर्ट

याच गाडीच्या वाटेवर मनोहरचं स्टेशन आहे. तिथे मी शुक्रवारी उतरणार होतो, म्हणजे बुधवारी तिथून नुसता पुढे जाणार होतो. त्यात चुकीचं काही नव्हतं. तरीही ते स्टेशन यायच्या आधी मी उठून पलीकडच्या खिडकीपाशी गेलो आणि तोंड फिरवून बसलो. गाडी तिथे दोन मिनिटं थांबली. सुटताना वळून पाहिलं तर एक म्हातारा फलाटावर बाकावर बसलेला दिसला. त्याला मी ओळखत नव्हतो. तोच देवराम असेल असं उगाच वाटत राहिलं.

पुढे फाटक आलं. इथे जंगल रुळांच्या दोन्ही अंगांना अगदी जवळ येतं. सागाची पानं वाळून तपकिरी झालेली, मध्येच बांबूची बेटं, खाली पांढरट धूळ. फेब्रुवारीत मी उभा होतो ती जागा, तो उभा होता ती जागा, सगळं साताठ सेकंदांत मागे गेलं. रुळांच्या कडेला नवा कीमन झेंडी धरून उभा होता. तरुण होता. त्याचा चेहरा बघायच्या आत बांबू आडवे आले.

चंद्रपूरला दोन स्टेशनं आहेत. गोंदियाकडून येणारी गाडी चांदा फोर्टला येते, नागपूरकडून येणारी चंद्रपूरला. नवखा माणूस हमखास चुकतो. मीही फेब्रुवारीत चुकलो होतो. या वेळी रिक्षावाल्याला नीट सांगितलं आणि जटपुरा दरवाज्याजवळच्या लॉजवर गेलो. संध्याकाळी एकसष्ट फोटो तपासायला घेतले. सवयीनं बोट पुसायच्या बटणावर गेलं. एका फोटोत मालगाडीच्या कडेला एक बाई डोक्यावर जळण घेऊन चालली होती. मी तो पुसला नाही. मग कुठलाच पुसला नाही. त्यानं काय साधलं ते मला सांगता येणार नाही. कार्ड मात्र लवकर भरलं.

गुरुवार, घुग्घुस

गुरुवारी खरं तर काहीच काम नव्हतं. मी बसनं घुग्घुसला गेलो, कारण तिथे कोळशाच्या गाड्या भरतात.

घुग्घुसमध्ये झाडांची पानं हिरवी आहेत हे पान पुसल्यावर कळतं. रस्त्यावर ट्रकांची रांग, मधून पाळी सुटलेले कामगार मोटारसायकलींवर, सगळ्यांच्या तोंडाला रुमाल. मी मालगाडीच्या मार्गापासून दूर, रस्त्याच्या कडेला तिवई मांडली. पंधरा मिनिटांत भिंगावर काळी पूड बसली. पुसायला कॅमेरा तिवईवरून काढून गळ्यात अडकवला, तेवढ्यात पाय घसरला आणि पिशवी डबक्यात पडली. कॅमेरा गळ्यात होता म्हणून वाचला. पिशवीतली नोंदवही मात्र निम्मी भिजली.

चहाच्या टपरीवर वही शेकोटीजवळ धरून बसलो. टपरीवाला म्हणाला, "साहेब, कोयल्याचा फोटो काढून का करता? काळाच येते ना."

"गाडीचा काढतो."

"तेबी काळीच हाये." त्यानं चहा पुढे केला. "कोन्या गावचे?"

पुण्यात अनोळखी माणसाला हे कोणी विचारत नाही. इथे चहाच्या आधी विचारतात आणि उत्तर संपेपर्यंत ऐकतात. त्यामुळे असेल, मी त्याला सगळं सांगितलं. मनोहर, पाच फोटो, वीज, शुक्रवार. तो ऐकत गाळणी धूत होता.

"मंग तुमी इथी काऊन बसले?" तो म्हणाला. "जा ना बाप्पा. थे वाट पाहून राह्यले असतीन."

"उद्या येतो असं कळवलंय."

"कळवलं उद्याचं. पन तुमी तं आजच आले ना?"

मी चहाचे पैसे देऊन उठलो. त्या दिवशी एकही फोटो धड आला नाही.

शुक्रवार

स्टेशनचं नाव देत नाही, कारण त्या घरचं माणूस आता तिथे नोकरीला लागणार आहे.

बाकावरचे म्हातारे देवरामच निघाले. ते रोज सकाळच्या गाडीला येऊन बसतात. ते स्वतः याच मार्गावर गँगमध्ये, म्हणजे रूळ राखणाऱ्या तुकडीत होते, छोट्या म्हणजे नॅरोगेज गाडीच्या काळापासून, आणि निवृत्त होऊन आठ वर्षं झाली. सत्तरीच्या आसपासचा, काटक, ताठ माणूस. त्यांनी माझ्या हातातली बॅग घेतली आणि पहिलं वाक्य बोलले ते असं, "बुधवारी गेले ना तुमी इथून? गयात कॅमेरा होता. मी म्हनलं, शुक्रवारचे बुधवारी कसे?"

मी हो म्हणालो. बॅग घेऊन ते पुढे चालू लागले.

घर स्टेशनपासून साडेतेराशे पावलांवर. मातीच्या भिंती, पुढे शेणानं सारवलेलं मोठं अंगण. आत भिंतीवर बुद्धाची तसबीर, शेजारी लग्नातला फोटो. त्यात मनोहर भाड्याच्या कोटात होता, आणि मी पाहिलेल्या माणसापेक्षा खूपच पोरसवदा. त्याच्या शेजारी एक खिळा ठोकून ठेवला होता. रिकामा.

वनितानं, म्हणजे मनोहरच्या बायकोनं, पाणी आणलं. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची असेल. मुलगी अंगणवाडीत गेली होती.

"येत्या एक तारखेपासून माई ड्यूटी हाये," ती म्हणाली. "त्याईच्या जागी. अनुकंपेवर. गँगमधी."

मला हे माहीत नव्हतं. देवरामनी फोनवर सांगितलं नव्हतं.

"मी कधी पाह्यलंच नाई त्याईले कामावर," ती म्हणाली. "सकायी अंधारात जात. म्हनून म्हनलं, फोटो पाहीन. कसे उभे राहत, झेंडी कशी धरत. मामाजी सांगतात, पन त्याईचं जुनं हाये."

"जुनं काऊन? रूळ तेच हायेत," देवराम म्हणाले.

मी लॅपटॉप उघडला. पण आधी बोललो. जसं झालं होतं तसं, क्रमानं सांगितलं. पहिल्या पाच फोटोंत ते होते. मी त्यांना बाजूला व्हायला सांगितलं. ते पाच मी त्याच संध्याकाळी पुसले, कारण इंजिन झाकलं जात होतं. ठेवलेल्या एकात ते नाहीत. फोनवर सांगायला हवं होतं, सांगितलं नाही.

 बाहेर कोंबडी फडफडली.

"म्हनजे गाडीसाठी मानूस हटवला," देवराम म्हणाले.

"हो."

"आमी जिंदगीभर गाडीसाठी हटलो, भाऊ. पन फोटोसाठी बी हटाव लागते, हे नाई मालूम होतं."

मी मान खाली घातली. वनिता म्हणाली, "मामाजी, राहू द्या." मग मला म्हणाली, "हाये तो तं दाखवा."

मी सातवा फोटो उघडला. इंजिन समोरून येतं आहे, नंबर स्पष्ट, मागे बारा डबे, डावीकडे धूळ आणि सागाची पानं. इंजिनाच्या खिडकीतून चालकाचा हात बाहेर आला आहे. तो हात दिसतो म्हणून मी आठव्याऐवजी सातवा ठेवला होता. चालकानं मला हात केला याचं तेव्हा मला फार अप्रूप वाटलं होतं. मी ते देवरामना सांगितलं. दुसरं सांगण्यासारखं काही नव्हतं.

देवरामनी चष्मा लावला आणि पडद्याजवळ तोंड नेलं.

"तुमाले नाई," ते म्हणाले.

"काय?"

"हा हात तुमाले नाई दाखवला. तुमी उजवीकडं होते ना? पायलट पाहून राह्यला डावीकडं. कीमन झेंडी दाखवते, मंग पायलट हात दाखवते. गाडी ठीक हाये, रस्ता ठीक हाये. हा हात मनोहरले हाये."

मी फोटो मोठा केला. चालकाचा चेहरा खरोखरच डावीकडे वळलेला होता. तो फोटो मी शंभर वेळा तरी पाहिला असेल. नंबर पाहिला, डबे मोजले, खांबावरचा आकडा टिपला. चेहरा कुठे बघतो आहे हे पाहिलं नव्हतं.

वनिता त्या हाताकडे बघत होती. "फोटो इकडून वाढवता नाई येत का? डाव्या बाजूनं? थोडासाच."

"नाही येत."

"येवढासा बी नाई?"

"नाही. जेवढा काढला तेवढाच असतो."

तिनं मान हलवली. आत जाऊन भात टाकला. मी नको म्हणालो, ते कोणी ऐकलं नाही. जेवताना देवरामनी एकदाच विचारलं, अजून भात घेता का. जेवण झाल्यावर वनिता हात पुसत बाहेर आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"भाऊ, रुळापासून किती दूर होते ते?"

हे मला सांगता येत होतं. नोंदवहीची पानं सुकून कडक झाली होती, पण अक्षर शाबूत होतं. मी कुठे उभा होतो, रूळ किती लांब, खांब कुठला, हे सगळं मी लिहितो. त्यावरून मी म्हणालो, "रुळापासून तीन मीटर. माझ्यापासून एकवीस."

देवराम उठले. परसातून दोन लांब बांबू आणून त्यांनी अंगणात समांतर ठेवले. मग माझ्याकडे बघितलं. मी पावलं मोजत गेलो. एकवीस मीटर अंगणात बसेनात, मी कुंपणाबाहेर रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. कॅमेरा आत बाजेवर होता.

वनितानं कमरेला पदर खोचला. देवरामनी ट्रंकेतून काढलेली हिरवी झेंडी तिच्या हातात दिली. ती बांबूंच्या बाजूला जाऊन उभी राहिली.

"इथी?" तिनं ओरडून विचारलं.

"आणखी एक पाऊल मागे."

"इथी?"

"हो. तिथेच होते."

"तोंड इंजनाकडं," देवराम म्हणाले. "हात ताठ. आता नजर चाकावर. धूर निंगून राह्यला का, काही लोंबून राह्यलं का, पाह्य. गाडी जाऊन राह्यली, पाह्य."

तिनं दोनतीन वेळा मान इकडून तिकडे वळवली आणि हात खाली घेतला.

"झंडी खाली काऊन केली? गाडी गेली का?" देवराम रागावले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "किती डबे होते जी त्या गाडीले?"

"एकोणसाठ."

"आयकलं? एकोनसाठ. कर हात वर."

तिनं झेंडी पुन्हा वर धरली. देवराम बांबूंशेजारी उकिडवे बसले आणि जमिनीवर बोट आपटत मोठ्यानं डबे मोजू लागले, एक, दोन, तीन. तिसाच्या पुढे तिनं दुसऱ्या हातानं कोपराला आधार दिला. त्यांनी मोजणं थांबवलं नाही, आणि तिनं हात खाली घेतला नाही.